गाणी स्वस्त केली की पायरसी खरंच कमी होते का?

सूरवेडा:
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय. श्रीमंत देशात महिन्याचं म्युझिक सबस्क्रिप्शन म्हणजे जेमतेम तासाभराची कमाई, पण तोच दर गरीब देशातल्या माणसाला लावला तर त्याची एक-दोन दिवसांची मजुरी त्यातच जाते, मग तो फुकटची फाइल घेणारच ना. पण नुसते दर उतरवले की लोक पायरसी सोडतात का? आणि कलाकाराच्या हातात काय पडतं? मी स्वतः गाणी करतो म्हणून जास्तच काळजी वाटते.

मंद्रसप्तक:
दर हेच मूळ दुखणं, माझं मत ठाम आहे. अमेरिकेतल्या सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने 2011 मधे ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका, भारत, मेक्सिको, बोलिव्हिया इथला अभ्यास छापला होता. महाग माल, तुटपुंजी कमाई आणि स्वस्त तंत्रज्ञान एकत्र आलं की पायरसी होते हे त्याचं सार. ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिकेत तिथल्या कमाईच्या हिशोबाने सीडी-डीव्हीडी अमेरिका-युरोपपेक्षा पाच ते दहा पट महाग पडायची! धाडी टाकून एकूण पायरसी घटल्याचा पुरावा त्यांना जवळपास मिळालाच नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की तो अहवाल त्यांनी श्रीमंत देशातल्या वाचकाला 8 डॉलरला ठेवला आणि बाकीच्यांना फुकट, म्हणजे जे सांगितलं तेच स्वतः केलं.

रिचार्जवाला:
दर महत्त्वाचा आहेच पण पैसे भरायचे कसे हे कोणी बघतच नाही. ज्याच्याकडे कार्ड नाही, महिन्याचा पगार नाही, रोजचं कमावून रोज खर्च करतो, त्याला महिन्याचा प्लॅन कितीही स्वस्त दिला तरी तो घेणार नाही. एक दिवसाचा किंवा आठवड्याचा पॅक द्या, मोबाइल बॅलन्समधून कापा, मग बघा. नायजेरियात 2015 ला बूमप्ले हे गाण्यांचं अ‍ॅप आलं ते टेक्नो कंपनीच्या फोनमधे आधीच टाकलेलं असायचं, म्हणजे शोधायची, डाउनलोड करायची कटकटच नाही.
दुसरं म्हणजे डेटा. पायरेटेड फाइल एकदा मेमरी कार्डात आली की नेट नसलं तरी वाजते, ब्लूटूथने मित्राला जाते, महिना संपला म्हणून बंद पडत नाही. तुमचं अ‍ॅप पैसे घेऊनसुद्धा एवढं देत नसेल तर लोक का येतील सांगा?

तिहाई:
थोडं वेगळं मत. चीनमधे ऑनलाइन गाणी लोकांना फुकटच मिळत होती, तिथे नुसता स्वस्त दर काय करणार होता? 2015 मधे सरकारने म्युझिक सेवांना हुकूम दिला की परवाना नसलेली गाणी काढून टाका, आणि लाखो गाणी उतरली. स्वस्त पर्याय हवाच, पण शेजारी तीच गोष्ट राजरोस फुकट मिळत असेल तर तो पर्याय टिकत नाही. फक्त कारवाई पाहिजे ती धंदा करणाऱ्या साइटवर, ऐकणाऱ्या पोरावर नको, त्याला परवडणारं काही दिलंच नाही आणि वर केस करायची हा अन्याय आहे.

सूरवेडा:
पटतंय. पण मग दर कमी म्हणजे मला मिळणारे पैसेही कमीच ना?

मंद्रसप्तक:
हो, प्रत्येक स्ट्रीममागे कमी मिळणार. बहुतेक सेवा त्या त्या देशात गोळा झालेल्या पैशातूनच वाटा काढतात. पण तो ऐकणारा महाग दराने तुमच्याकडे येणारच नव्हता, त्याच्याकडून शून्यच मिळत होतं, आणि डिजिटल कॉपी आणखी एकाला द्यायला खर्च जवळपास काहीच नाही. ब्राझीलच्या बेलें शहरातले टेक्नोब्रेगावाले (तिथला नाचाच्या संगीताचा एक प्रकार) तर सीडी सरळ रस्त्यावरच्या विक्रेत्यांना द्यायचे, त्यातून नाव व्हायचं आणि पैसा पार्ट्या नि शोमधून यायचा. तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या (तुमची गाणी अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) रिपोर्टमधे देशवार स्ट्रीम आणि कमाई दिलेली असते, ते दोन कॉलम शेजारी ठेवून बघा आणि इथे टाका, मग पुढचं बोलू.