दुपारची सौरवीज संध्याकाळी कशी वापरायची?

प्रश्न – गंगापूर रोड, नाशिक
आमच्या सोसायटीने गच्चीवर सौर पॅनेल बसवले आणि नेट मीटरिंगमुळे (जाळ्यात दिलेली जादा वीज बिलातून वळती होते) बिल बरेच उतरले. मात्र दिवेलागणीनंतर आपण पुन्हा कोळशाचीच वीज वापरतो, असे एका सभासदांचे म्हणणे आहे. तसे असेल, तर देशाचे वीजजाळे पर्यावरणपूरक होण्यास या पॅनेलचा हातभार कितपत लागतो?

उत्तर – निवृत्त अभियंता, नाशिकरोड
सभासदांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून जवळजवळ संपूर्ण भारत ५० हर्ट्झ वारंवारतेच्या एकाच जाळ्यावर चालतो. त्यामुळे आपल्या गच्चीवरची वीज आणि एकलहऱ्याच्या कोळशावरील औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचांची वीज वेगळी ओळखता येत नाही. खरी अडचण दुपारची आहे. औष्णिक संच दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच सुरू करता येत नाही, म्हणून तो क्षमतेच्या साधारण ५५ टक्के भारावर रेटत ठेवावा लागतो, आणि कमी भारावर प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. पॅनेलमुळे कोळसा वाचतो हे निश्चित. पण हिशेबाने वाटतो तितका वाचत नाही.

उत्तर – द्राक्ष बागायतदार, निफाड
मग मागणीच दुपारी आणावी. आमच्याकडे थ्री-फेज वीज रात्रीची असली, की बिबट्याच्या धास्तीने हातात बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला जावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून कृषी फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज मिळते. यात शेतकऱ्याची रात्रही वाचते आणि ग्रिडचीही सोय होते. ही योजना सर्व फीडरवर लवकर यायला हवी.

उत्तर – निवृत्त अभियंता, नाशिकरोड
पूर्ण सहमत. सोसायट्यांनीही पाण्याच्या टाक्या दुपारीच भरून घ्याव्यात. तरीही संध्याकाळची मागणी उरतेच, आणि तिच्यासाठी साठवण लागते. इगतपुरीच्या दक्षिणेला घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच टर्बाइनवर सोडायचे. खर्च केलेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश परत मिळते. हा तोटा मला मान्य आहे. जागांबाबत मात्र सावध राहावे, कारण सह्याद्रीत जेथे उंच कडा आणि पाणी जवळजवळ असते, तेथे बहुधा दाट जंगल आणि आदिवासी पाडेही असतात. म्हणून आधी नदीपात्राबाहेरच्या जागा तपासाव्यात.