बंद बरणीत वेल कुजतेय, काय चुकतंय?

पानवेडी:
झाकणाच्या ५ लिटरच्या बरणीत स्ट्रिंग ऑफ पर्ल्स (मण्यांसारख्या गोल पानांची वेल) लावली होती, मातीवर पसरेल मग काचेच्या कडेने लोंबेल असं डोक्यात होतं. तीन आठवडे मस्त दिसली आणि आता मणी पाणीदार झालेत, बोट लावलं की पचकन फुटतात, देठ मातीपाशी काळं. पाणी तर लावताना एकदाच घातलंय! खाली दोन बोटं खडेही आहेत. मला वेलच हवीय, उभं झाड नको.

कुंडीकाका:
ताई, पाणी जास्त झालं असं नाही, जागाच चुकली. ही दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातली, ते मणी म्हणजे तिच्या पाण्याच्या टाक्या. बंद बरणीतलं पाणी कुठे जाणार, वाफ होऊन काचेवर जमतं आणि परत मातीत उतरतं, म्हणून एकदा घातलेलं महिनोन्महिने पुरतं आणि हिला नेमकं तेच सोसत नाही. टणक हिरव्या मण्यांची दोरी कापून घ्या, काप दोनेक दिवस सुकू दे, मग उघड्या कुंडीत. बाकीचं फेका. आणि खड्यांनी निचरा होत नाही हो, बरणीला भोक कुठंय? पाणी तळाशी साठतं एवढंच. मी तरी घालतो, साठलेलं दिसतं म्हणून.

शेवाळी:
क्रीपिंग फिग लाव, म्हणजे फायकस प्युमिला ही चिकटून चढणारी वेल. त्यातली क्वर्सिफोलिया मिळाली तर उत्तमच, पान नखाएवढं आणि वाढ सावकाश. मी दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या शेवाळावर आडवा ठेवून तारेच्या आकड्याने दाबला होता, पेरातून बारीक तपकिरी मुळं फुटली आणि बाई थेट काचेला चिकटल्या! ओढून काढलं तरी मुळांचे ठसे काचेवर राहतात, ब्लेडने खरवडत बसायचं. साधी जात असेल तर कात्री हाताशी ठेव, माझी फिटोनिया (बुटकं शोभेचं रोप) तिच्याखाली गडप झाली होती. छाटताना पांढरा चीक निघतो, मला खाज येते त्याने.

नवामाळी:
मनी प्लांट नाही का चालणार? फुकटात मिळतो 😄

शेवाळी:
जगेल रे, पण पानं मोठी होऊन काचेला टेकतात आणि टेकलेली ओली राहून सडतात. पाण्याच्या बाटलीतच बरा तो.

पानवेडी:
थँक्यू दोघांना! सहा-सात इंचाची दोरी वाचलीय, सुकत ठेवली. नवीन वेल लावल्यावर बरणी कुठे ठेवू? आत्ता खिडकीत आहे, दुपारी तासभर ऊन येतं.

कुंडीकाका:
अहो मग अर्धं तिथेच शिजलं असणार! बंद काचेत ऊन शिरलं की आत भट्टी होते. उजेड भरपूर पण थेट ऊन नको. आणि काच दिवसभर धुरकट राहिली तर झाकण काही तास उघडं ठेवा, सकाळी थोडं दव येऊन दुपारपर्यंत गेलं तर ठीक.

पानवेडी:
हलवली. काच हाताला चांगलीच गरम लागत होती 🙈