प्रतिसाद: खानापूरहून गोव्याला भाजी, छोटा हत्ती की बोलेरो पिकअप?

दादा, बेळगावजवळच्या खानापूरहून गोव्याला रोज 40 क्रेट भाजी न्यायला छोटा हत्ती (टाटा एस) घ्यावा की बोलेरो पिकअप, असं तुम्ही विचारलंत, त्यामुळे आधी वजन काढूया. टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण 27 किलो, म्हणजे 40 क्रेटचे 1,080 किलो. छोट्या हत्तीची क्षमता साडेसातशेच्या आसपास, तो 27 क्रेटलाच संपतो. 1.7 टनी बोलेरो पिकअप साठेक क्रेट नेते.

शिवाय गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाट आहे. छोट्या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरचं, 700 सीसीच्या आसपासचं. जादा माल घेऊन चढताना ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून धरतो आणि क्लच प्लेट जळते. उतरताना धोका त्याहून मोठा. सतत ब्रेक दाबल्याने ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल कधीच नको. आणि जड क्रेट केबिनच्या बाजूला लावा. मागच्या चाकाच्या पलीकडे वजन गेलं की पुढचा भाग उचलतो, स्टिअरिंग हलकं पडतं, मागचे पाटेही (स्प्रिंगच्या पट्ट्या) लवकर तुटतात.

परमिटचं (मालवाहतुकीच्या परवान्याचं) बाकीच्या प्रतिसादांत कुणीच लिहिलं नाही, पण सीमेवरच्या माणसाला तेच महत्त्वाचं. आरसीवरचं (नोंदणीच्या कागदावरचं) गाडी आणि माल मिळून एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही. 1.7 टनी बोलेरो त्यापुढे जाते, त्यामुळे गोव्यासाठी नॅशनल परमिट काढावं लागेल. तरी बोलेरोच परवडते, कारण छोट्या हत्तीत 40 क्रेट भरले तर तो ओव्हरलोड होतो. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय माल उतरवावा लागतो.

फक्त बेळगाव मार्केटपुरती फेरी असती आणि माल 27 क्रेटच्या आत असता, तर छोटा हत्तीच घ्या म्हटलं असतं.