शब्दचर्चा: 'डिपोर्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

गुहागरहून:
या एका शब्दाने परवा आमच्या सासूबाईंना जेवणावरून उठवलं, म्हणून विचारते आहे.

माझ्या नणंदेची मुलगी ब्रिटनमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. मे 2025 मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. कायम वास्तव्याचा हक्क पाच वर्षांनी मिळायचा, तो सर्वसाधारणपणे दहा वर्षांनी द्यावा असं त्यात मांडलं होतं. त्याविरुद्ध तिथल्या संसदेकडे सह्यांचे अर्ज गेले. तिथे 10,000 सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं आणि 1,00,000 झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. या अर्जाला लाखाच्या वर सह्या मिळाल्या, सप्टेंबरमध्ये चर्चाही झाली. स्थलांतर बंद करा म्हणणाऱ्यांच्या अर्जांनीही लाखाचा आकडा ओलांडलेला आहे, हेही सांगायला हवं.

मुलगी फोनवर म्हणाली, "आमच्यातल्या कितीजणी डिपोर्ट होण्याच्या भीतीत आहेत." सासूबाईंनी विचारलं, म्हणजे काय? माझा मुलगा पटकन म्हणाला, "देशनिकाला." त्यांचा घास हातातच राहिला. "तिनं असा काय गुन्हा केलान?" मी सावरून घेतलं, "तसं नाही हो, परत पाठवतील." तर त्यांचा चेहराच खुलला. "मग येऊ दे की घरी!"

दोन्ही वेळा त्यांना चुकीचं कळलं. शब्द कोणता वापरायला हवा होता?

रत्नागिरीहून:
तुमच्या सासूबाईंना 'देशनिकाला' अगदी बरोबर कळला, चूक नातवाची. देशनिकाला ही शिक्षा आहे, आणि ती माणसाला त्याच्या स्वतःच्या देशातून बाहेर काढते. आमच्या गावात हा शब्द थिबा राजामुळे मुरलेला आहे. 1885 साली इंग्रजांनी त्याचं ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, 1886 मध्ये त्याला इथे आणलं आणि 1916 मध्ये तो इथेच गेला. परत जाऊ द्या, तनखा वाढवा, म्हणून त्याने व्हाइसरॉयकडे अर्जांवर अर्ज केले. मंडाले ही त्याची राजधानी. आणि याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना ठेवलं ते मंडालेला. एकाला तिथून काढून इथे, दुसऱ्याला इथून काढून तिथे. दोघेही आपापल्या मुलखाला मुकले.

तुमच्या भाचीचं उलट आहे. तिला पाठवलं तर तिच्याच देशात पाठवतील. दिशाच वेगळी, म्हणून देशनिकाला बसत नाही.

'हद्दपार'चीही अडचण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 55 ते 57 खाली जो आदेश निघतो तो हद्दपारीचा. जास्तीत जास्त दोन वर्षं. लोक त्याला तडीपार म्हणतात. तड म्हणजे काठ, काठापलीकडे घालवलेला. तो माणूस भारतीयच असतो, शेजारच्या जिल्ह्यात जाऊन राहतो आणि मुदत संपली की येतो. कोकणात 'हद्दपार' म्हटलं की डोळ्यांसमोर मारामाऱ्या करणारा गुंड येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने 104 भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलं, त्या बातम्यांमध्ये 'हद्दपार' वाचताना मला हेच खटकत होतं. त्यातल्या बहुतेकांचा दोष कागदपत्रांचा होता.

खुद्द ब्रिटिश कायदाही दोन शब्द वेगळे ठेवतो. ज्याचं तिथे राहणं लोकहिताला बाधक ठरवलं जातं, म्हणजे मुख्यतः शिक्षा झालेला गुन्हेगार, त्याच्यासाठी 'डिपोर्टेशन'. नुसती व्हिसाची मुदत संपलेल्यासाठी 'रिमूव्हल'. बोलताना तिथलेही लोक दोन्हींना डिपोर्टच म्हणतात. पहिल्याला हद्दपारी म्हणा, माझी हरकत नाही. दुसऱ्याला 'रवानगी'.

अलिबागहून:
'प्रत्यार्पण'?

रत्नागिरीहून:
नाही. खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करणं म्हणजे प्रत्यार्पण. इथे कोणी मागणी केलेली नाही, कोणी आरोपी नाही. आणि 'निष्कासन'ही नको, तो शब्द अतिक्रमण हटवणाऱ्यांच्या नोटिशीत अडकून बसला आहे.

खेडहून:
आमच्याकडे घरटी नाही तरी वाडीगणिक एकजण आखातात. त्यामुळे या गोष्टीसाठी गावात शब्द आहेत, फक्त ते मराठी शब्दकोशात मिळणार नाहीत. परतीच्या प्रवासापुरता कागद मिळतो तो 'आउटपास'. सौदीत पकडून ठेवतात ती जागा 'तरहील'. मूळ अरबीत त्या शब्दाचा अर्थच परत धाडणं असा आहे. कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, 'कामावरून पळाला' अशी नोंद केली की माणूस 'हुरूब'मध्ये गेला. मग त्याला ना दुसरी नोकरी, ना सरळ परतीची वाट.

माझा चुलतभाऊ असाच परतला. कफील बदलून मिळेना, इकामा (तिथला राहायचा परवाना) संपला, आठ महिने मित्रांच्या खोलीत काढले, शेवटी आउटपासवर आला. गावात कोणी त्याला हद्दपार म्हटलं नाही, घुसखोर तर नाहीच. "इकामा संपला, आला बिचारा," एवढंच. मला हे वाक्य फार माणुसकीचं वाटतं. काय घडलं ते सगळं त्यात आहे आणि माणसावर ठपका नाही.

मिरकरवाड्याहून:
खेडकरांनी 'घुसखोर' काढलाच आहे तर लिहितो. 'खोर' हा प्रत्यय फारसीतून आला, मूळ अर्थ खाणारा. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर, दंगेखोर. हा प्रत्यय लागला की एका वेळची कृती राहत नाही, माणसाचा स्वभाव होतो. एकदा भांडला त्याला आपण भांडखोर म्हणत नाही. पण एकदा सीमा ओलांडली, किंवा ओलांडलीही नाही, रीतसर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिला, तरी तो घुसखोर. नागरिकत्व कायदा, 1955 मध्ये 2003 च्या दुरुस्तीने 'अवैध स्थलांतरित'ची व्याख्या आली. तिच्यात दोघे आहेत: कागदांशिवाय आलेला आणि मुदत संपूनही थांबलेला. दुसरा कुठे घुसला? त्या व्याख्येच्या धर्तीवर खेडकरांचा भाऊ सौदीत तोच ठरतो.

बंदरावर हे रोज कानावर येतं. आमच्या बोटींवर खलाशी नेपाळचे, वर आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळचेच. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. तरी कुठे चोरी झाली की कोणीतरी म्हणतंच, "हे घुसखोर हाकला." ज्याच्याकडे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, जाळं आणि जीव सोपवतो, त्याला हा शब्द लावलेला मला सहन होत नाही. बेकायदा कोणी राहू नये, तपासणी व्हावी, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी 'विनापरवाना राहणारा' असं म्हणता येतं.

मालवणहून:
मला 'डिपोर्ट'पेक्षा त्या सह्यांच्या कागदाला काय म्हणायचं यात जास्त रस आहे. वर सगळ्यांनी 'अर्ज' लिहिलंय, वर्तमानपत्रं 'याचिका' लिहितात. याचिका म्हटलं की आपल्याकडे कोर्ट आणि वकील आले. संसदेला लोकांनी केलेल्या अर्जासाठी आपल्या विधिमंडळाकडे चांगला शब्द आहे: तिथली समिती 'विनंती अर्ज समिती' आहे. कलेक्टर कचेरीत मोर्चा नेऊन देतो ते 'निवेदन'. निवेदनात सांगणं आहे, विनंती अर्जात मागणं आहे, याचिकेत तर 'याच्' धातू, म्हणजे हात पसरणं.

आणि आमचं गाऱ्हाणं! देवळात एकजण गावाच्या वतीने उभा राहून देवाला सगळं सांगतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती सहीच की. त्यात मुंबईला गेलेले, परदेशात असलेले, सगळ्यांचं नाव निघतं.

मुंबईला नोकरीला गेलेल्यांना आम्ही चाकरमानी म्हणतो, त्या शब्दावरूनही असाच प्रश्न उठला. चाकर शब्द कमीपणाचा वाटतो अशी मागणी होत होती, आणि 2025 च्या गणपतीआधी अजित पवारांनी सरकारी कामात 'कोकणवासीय' वापरायचे निर्देश दिले. मला स्वतःला चाकरमानी आवडतो, माझे वडील तो अभिमानाने सांगत. पण ज्याला लावायचा त्याचं मत आधी, हे पटतं.

अलिबागहून:
एक भर. 'निर्वासित' फोडून पाहा. निर् आणि वासित, म्हणजे राहत्या जागेतून बाहेर काढलेला. हिंदीत निर्वासन म्हणजे अजूनही घालवून देणंच, आश्रयाला आलेला तो शरणार्थी. मराठीत मात्र निर्वासित म्हणजे आश्रयाला आलेला. तो आपल्या दारात उभा असतो, आणि आपण त्याला नाव देतो ते मागच्या दारी त्याच्यावर जे गुजरलं त्याचं. मला हा मराठीचा मोठेपणा वाटतो.

गुहागरहून:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'परत पाठवणी'ही मनात आली होती, पण पाठवणी म्हटलं की सासरी निघालेली मुलगी दिसते, आणि इथे कोणी पाठवत नाही, काढतं. 'रवानगी' कागदावर ठीक आहे, पण सासूबाईंना ती पार्सलची वाटली असती.

शेवटी खेडकरांच्या भावाचं वाक्य घेतलं. काल त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "तिनं काही गुन्हा केलेला नाही. राहायच्या परवान्याची मुदत असते. ती वाढवून मिळाली नाही, तर तिला तिथून निघावं लागेल. कायम राहायचा हक्क पूर्वीसारखा पाच वर्षांनीच मिळावा, म्हणून लोकांनी संसदेकडे विनंती अर्ज केलाय." सही आपण करायची का, असं त्यांनी विचारलं. ती फक्त ब्रिटिश नागरिकांना आणि तिथे राहणाऱ्यांना करता येते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मी व्याडेश्वराला सांगते."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली. "निघावं लागलं, तर किती दिवस देतात गो?"

हे मला सुचलंच नव्हतं. रात्री भाचीला विचारलं. ती म्हणाली, नोकरी देणाऱ्याचा परवाना गेला तर बहुधा 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची. सासूबाईंनी कालनिर्णयाची पानं उलटून दिवस मोजले.