बेलेनेन्सेसचा हंगामवार तक्ता: २०१८ नंतरच्या रांगा नक्की कुणाच्या?

डावी_बगल

लिस्बनच्या बेलेनेन्सेस क्लबचा १९१९ पासूनचा हंगामवार तक्ता मराठीत तयार करतोय. रकाने असे: हंगाम, स्पर्धा, स्तर, क्रमांक, गुण, घरचं मैदान, शेरा. २०१७-१८ पर्यंत बहुतेक रांगा जुळतात, पुढे मात्र दोन माहितीसाठे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एकात २०१८-१९ मध्ये हा क्लब पहिल्या श्रेणीत नववा आहे. दुसऱ्यात त्याच हंगामात तो सहाव्या स्तरावर, लिस्बन जिल्ह्याच्या साखळीत खेळतोय. दोन्हीकडे नाव बेलेनेन्सेस.

शिवाय "पोर्तुगालचे विजेते" म्हणून कुठे १ विजेतेपद दिसतं, कुठे ४. आणि २००५-०६ मध्ये घसरणीच्या जागेवर असलेला संघ पुढच्या हंगामात पहिल्याच श्रेणीत कसा? हे नीट लावायचं असेल तर तक्ता कुठे तोडावा?

मधली_फळी

तक्ता ३० जून २०१८ ला तोडा. त्या तारखेनंतर दोन वेगळ्या संस्था आहेत आणि दोघींना एकच रांग देता येत नाही.

मुळात काय झालं ते समजलं की बाकीचं सोपं होतं. "क्लुब द फुतेबोल ऊश बेलेनेन्सेस" ही सभासदांची संघटना आहे, स्थापना २३ सप्टेंबर १९१९. रग्बी, हँडबॉल असे इतर खेळही तिच्याच छत्राखाली चालतात. व्यावसायिक फुटबॉल संघ मात्र पोर्तुगालमध्ये वेगळ्या क्रीडा कंपनीकडे असतो. तिला तिथे एसएडी म्हणतात. या कंपन्यांचा कायदा १९९७ चा. २०१३ च्या कायद्याने वरच्या दोन श्रेणींत खेळायचं तर अशी कंपनी किंवा एकाच मालकाची छोटी कंपनी असणं सक्तीचं केलं.

बेलेनेन्सेस कर्जात होता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कोडसिटी या गुंतवणूकदार कंपनीने एसएडीचे ५१ टक्के समभाग घेतले. म्हणजे खेळाडूंचे करार आणि साखळीतली जागा कंपनीकडे, मैदान, बोधचिन्ह, नाव आणि इतिहास संघटनेकडे, आणि दोघांना बांधणारा एक करार. तो ३० जून २०१८ ला संपला. नवा झाला नाही.

त्यानंतर कंपनीचा संघ रेस्तेलो हे क्लबचं मैदान सोडून जमोरच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये गेला आणि पहिल्या श्रेणीतली जागा घेऊन गेला. संघटनेने नवा संघ उभा केला, नियमाप्रमाणे सगळ्यात खालून. पुढे न्यायालयाने कंपनीला बेलेनेन्सेसचं नाव आणि ख्रिस्ताच्या क्रॉसचं चिन्ह वापरायला मनाई केली. कंपनीने नवं बोधचिन्ह घेतलं आणि तिला सगळे बी-एसएडी म्हणू लागले. साखळीच्या कागदोपत्री मात्र "बेलेनेन्सेस एसएडी" दिसत राहिलं. माहितीसाठे तिथूनच नाव उचलतात, तुमचा घोळ तिथला आहे.

म्हणून पहिल्या श्रेणीतले ९ वा (२०१८-१९), १५ वा (२०१९-२०), १० वा (२०२०-२१) आणि १८ वा (२०२१-२२) हे चारही क्रमांक बी-एसएडीचे. क्लबच्या तक्त्यात त्यांना जागा नाही.

तिसरा_पंच

मला हे पूर्ण पटत नाही. ३० जूनला ज्या संघाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि परवाना होता, तोच १ जुलैला पहिल्या श्रेणीत होता. खेळाची सलगता बघितली तर कंपनीचा संघ हाच आधीच्या संघाचा पुढचा भाग ठरतो. संघटनेचा संघ कोऱ्या पाटीवर सुरू झाला.

मधली_फळी

सलगता मोजायची तर कशाची, हे आधी ठरवावं लागेल. खेळाडू आणि प्रशिक्षक प्रत्येक क्लबचे बदलतात, त्यावरून कुणी इतिहास ठरवत नाही. परवान्याचा मुद्दा खरा आहे, पण परवाना म्हणजे साखळीतली जागा. जिंकलेले चषक नव्हेत. १९४६ चं साखळीचं विजेतेपद मिळालं तेव्हा ही कंपनीच अस्तित्वात नव्हती, ते संघटनेने जिंकलं. विकले गेले ते कंपनीचे समभाग, १९४६ विकलं गेलं नाही.

तुमच्या मुद्द्यासाठी एक सोय करता येईल. २०१७-१८ च्या रांगेत शेरा द्यावा: "साखळीतली जागा यापुढे बी-एसएडीकडे". आणि बी-एसएडीचा २०१८-१९ पासून वेगळा छोटा तक्ता जोडावा. दोन्ही धागे वाचकाला दिसतात आणि काहीच लपत नाही.

क्लबच्या बाजूने पुढची पाच वर्षं अशी:

२०१८-१९: स्तर ६, बढती
२०१९-२०: स्तर ५, महासाथीने हंगाम थांबला, बढती
२०२०-२१: स्तर ४ (जिल्ह्याची वरची साखळी), बढती
२०२१-२२: स्तर ४ (कांपेओनातु द पोर्तुगाल), बढती
२०२२-२३: स्तर ३ (लीगा ३), बढती

स्तर ४ दोनदा आला म्हणून टंकनाची चूक समजून खोडू नका. लीगा ३ ही नवी साखळी २०२१-२२ ला मध्ये घुसवली आणि तिच्याखालचं सगळं एक पायरी खाली सरकलं. संघ वर चढला, पण आकडा तोच राहिला. २०२३-२४ ला क्लब दुसऱ्या श्रेणीत होता आणि त्याच हंगामाअखेर पुन्हा लीगा ३ मध्ये उतरला.

२०२२-२३ च्या रांगेत तर दोन्ही तक्ते एकमेकांना छेदतात. क्लब लीगा ३ मधून दुसऱ्या श्रेणीत चढला आणि बी-एसएडी दुसऱ्या श्रेणीतून घसरली. व्हिलाव्हेर्देन्सेविरुद्धच्या निर्णायक लढतीत तिची जागा गेली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोघे एकाच श्रेणीत कधीच आले नाहीत, थोडक्यात चुकलं.

जुनी_पानं

विजेतेपदांच्या आकड्याबद्दल. १ आणि ४ दोन्ही बरोबर आहेत, स्पर्धा वेगवेगळ्या मोजल्यात एवढंच.

१९२२ ते १९३८ देशाचा विजेता बाद फेरीच्या स्पर्धेतून ठरायचा. तिचं नाव कांपेओनातु द पोर्तुगाल. बेलेनेन्सेसने ती तीनदा जिंकली: १९२७ (अंतिम सामन्यात व्हितोरिया सेतुबालवर ३-०), १९२९ (उनियांव द लिस्बोआवर २-१) आणि १९३३ (स्पोर्टिंगवर ३-१). १९३४-३५ पासून चार हंगाम एक प्रायोगिक साखळीही समांतर चालली. १९३८-३९ ला साखळीला पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला आणि बाद फेरीची स्पर्धा पोर्तुगाल चषक म्हणून चालू झाली. म्हणून साखळीचं विजेतेपद १ (१९४५-४६), जुन्या स्पर्धेची ३ आणि पोर्तुगाल चषक ३ (१९४२, १९६०, १९८९). तीन वेगळे रकाने करा, बेरीज करू नका.

सगळ्यात मोठा सापळा नावाचा आहे. वर मधली_फळी यांनी २०२१-२२ समोर जी कांपेओनातु द पोर्तुगाल लिहिली, ती आजची चौथ्या स्तराची साखळी. १९३३ ला जिंकलेली देशाची सर्वोच्च स्पर्धा होती. नाव एकच, संबंध काही नाही. तक्त्यात जुन्या स्पर्धेला "बाद फेरी, १९२२-३८" अशी शेपटी लावाच, नाहीतर आपोआप बेरीज करणारी सूत्रं दोघांना एकत्र करतात.

१९४५-४६ ची रांग मात्र जीव लावून भरा. १२ संघ, २२ सामने: १८ विजय, २ बरोबरी, २ पराभव, ३८ गुण. बेनफिका ३७ वर. प्रशिक्षक ऑगुस्तु सिल्व्हा. गोलरक्षक कापेला आणि बचावातले व्हास्कु व फेलिसियानु या तिघांना "बेलेंचे बुरूज" म्हणत. ताग नदीकाठच्या बेलें बुरुजाच्या परिसरातलाच हा क्लब. बेनफिका, स्पोर्टिंग आणि पोर्तू सोडून साखळी जिंकणारा हा पहिला संघ. दुसरा यायला ५५ वर्षं लागली, २०००-०१ ला बोआव्हिस्ता. तिसरा अजून आलेला नाही.

गुणांच्या रकान्यात एक काळजी घ्या. १९९४-९५ पर्यंत विजयाला २ गुण होते, १९९५-९६ पासून ३. काही साठे जुने गुण नव्या हिशेबाने बदलून दाखवतात. तिथे १९४५-४६ ला ५६ दिसतात (१८ × ३ + २). तपासायला ही रांग सोयीची: ३८ दिसले तर साठा मूळ गुण देतो, ५६ दिसले तर बदललेले.

१९५४-५५ ला तर नवा हिशेब मिसळला की शर्यतीचा अर्थच बदलतो. बेलेनेन्सेस आणि बेनफिका दोघांचे ३९ गुण, परस्परांतल्या निकालांवर विजेतेपद बेनफिकाला. शेवटच्या दिवशी सालेझियश मैदानावर स्पोर्टिंगविरुद्ध २-१ ने पुढे असताना चार मिनिटं उरली होती आणि मार्तिंशने बरोबरी साधली. शेऱ्यात हे नक्की यावं. त्या हंगामात साखळीत सर्वाधिक ३२ गोल करणारा मातातेउ याच संघाचा होता, मोझांबिकहून आलेला. क्रमांक २ म्हणून रांग संपवली तर त्या संघावर अन्याय होतो.

मैदानाच्या रकान्यात १९२८ पासून सालेझियश आणि २३ सप्टेंबर १९५६ पासून रेस्तेलो. सालेझियशचं अधिकृत नाव जुझे मानुएल सुआरिश मैदान, १९३१ मध्ये ऐन तारुण्यात गेलेल्या पेपे या आघाडीवीराच्या नावावरून. ही एकाच मैदानाची दोन नावं, दोन वेगळी मैदानं नाहीत. जमोर हे क्लबच्या रकान्यात घरचं मैदान म्हणून येत नाही. चषकाचे अंतिम सामने तिथे होतात, पण ते तटस्थ मैदान.

डावी_बगल

खूप आभार, रकाने बदलतो. २००५-०६ चं कोडं बाकी आहे. आणि २००८-०९ लाही तसंच दिसतंय: १५ वा, तरी पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीत.

मधली_फळी

दोन्ही खरे आहेत, कारणं वेगळी.

२००५-०६ ला साखळी १८ वरून १६ संघांवर आणायची होती म्हणून खालचे चार घसरणार होते. बेलेनेन्सेस १५ वा, म्हणजे त्या चारांत सगळ्यात वरचा. पण जिल व्हिसेन्ते क्लबने मातेउश या अंगोलन खेळाडूच्या नोंदणीवरून दिवाणी न्यायालयात धाव घेतली होती आणि त्याबद्दल त्यालाच खाली पाठवलं. मोकळी जागा बेलेनेन्सेसला मिळाली. पुढच्याच हंगामात जोर्जे जेझुश यांच्या हाताखाली हा संघ ५ वा आला आणि चषकाच्या अंतिम सामन्यात स्पोर्टिंगकडून ०-१ ने हरला. शेरा नसेल तर घसरणीच्या जागेनंतर ५ वा क्रमांक बघून कुणीही रांग चुकली म्हणेल. हा खटला इतका लांबला की जिल व्हिसेन्ते थेट २०१९-२० ला पहिल्या श्रेणीत परत घेतला गेला.

२००८-०९ ला १६ संघांत १५ वा, पुन्हा घसरणीच्या जागेवर. तेव्हा इश्त्रेला द आमादोरा आर्थिक कारणांवरून खाली गेला म्हणून बचावला. २००९-१० ला मात्र मैदानावरच घसरला आणि २०१२-१३ ला दुसरी श्रेणी जिंकून वर आला.

यासाठी "अंतिम क्रमांक" आणि "पुढच्या हंगामाची श्रेणी" असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. क्रमांकावरून घसरण काढणारं सूत्र या दोन्ही रांगांत चुकतं. १९८१-८२ ही क्लबची पहिली घसरण, तिथपासूनच हा रकाना कामाला येईल.

तिसरा_पंच

वेगळा छोटा तक्ता मान्य. मग त्यात २७ नोव्हेंबर २०२१ चा सामना शेऱ्यासकट हवा. कोविडमुळे बी-एसएडी बेनफिकाविरुद्ध नऊच खेळाडू घेऊन उतरली, त्यात दोन गोलरक्षक आणि त्यातला एक मैदानी खेळाडू म्हणून. मध्यंतराला ०-७. नंतर सातच जण परतले, त्यातला एक खाली बसला आणि सातपेक्षा कमी खेळाडूंनी सामना चालवता येत नसल्याने पंचांनी तो थांबवला. अनेक याद्यांत हा "बेलेनेन्सेसचा सर्वांत मोठा पराभव" म्हणून फिरतोय. त्या दिवशी क्लबचा संघ चौथ्या स्तरावर होता.

जुनी_पानं

बरोबर. आणि हाच तक्ता पुढे इतर क्लबांसाठी वापरणार असाल तर आव्हेस घेताना सावध राहा. २०१८ ला स्पोर्टिंगला २-१ ने हरवून चषक जिंकला तो क्लुब देश्पोर्तिव्हु दश आव्हेस. त्याची कंपनी २०२० ला कोसळली. २०२३ पासून त्याच गावात एव्हीएस नावाने खेळणारा संघ म्हणजे व्हिलाफ्रांकेन्से या दुसऱ्याच क्लबची कंपनी तिथे हलवलेली. गाव तेच, मैदान तेच, तरी २०१८ चा चषक एव्हीएसच्या रांगेत टाकू नका.

प्रत्येक क्लबासाठी आधी तीन गोष्टी तपासा: संघटनेची स्थापना तारीख, कंपनीची नोंदणी कुणाच्या नावावर आहे, आणि बोधचिन्ह कोण वापरतंय. तिन्हींची उत्तरं एकाच संस्थेकडे जात असतील तर एक तक्ता पुरतो. एकही फुटलं तर दोन करा, आणि चषक स्थापना तारखेच्या बाजूला ठेवा.