डाय हाऊसच्या (सूत रंगवायच्या कारखान्याच्या) लॅबचा प्रमुख कुणाच्या हाताखाली हवा? डाईंग मास्टरच्या (रंगाई सांभाळणाऱ्याच्या) की थेट मालकाच्या?

अक्कलकोट_रोड
सोलापुरात बहुतेक ठिकाणी लॅब डाईंग मास्टरच्या हाताखाली चालते. माझं मत उलटं आहे. लॅबच्या प्रमुखाने थेट मालकाला उत्तर द्यावं आणि लॉट (एका वेळी रंगवायचा माल) थांबवायची सही त्याची असावी. संध्याकाळपर्यंत माल काढायचा तगादा ज्याच्या मागे आहे, त्यालाच "पाणी चालेल का?" विचारलं तर पाणी कायम चालतंच.

पहिलं अडवायचं ते पेरॉक्साइडच्या ब्लीचनंतर. पीएच ७ च्या आसपास न आणताच पेरॉक्साइड मारणारं एन्झाइम टाकलं तर ५० अंशांवर २० मिनिटं फिरवूनही ते मरत नाही. उरलेलं पेरॉक्साइड रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक जोडला जाणारा) खातं, शेड फिकी येते आणि शिव्या रंगवाल्याला. पेरॉक्साइड तपासायची पट्टी बुडवून बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं मीठ. सगळे सॉफ्टनरकडे (पाण्याचा जडपणा, म्हणजे हार्डनेस, काढणाऱ्या यंत्राकडे) बघतात, मिठाकडे कुणी बघत नाही. रंग सुतावर चढवायला मध्यम शेडला लिटरला ६० ग्रॅम मीठ धरा. त्यात ०.२ टक्के कॅल्शियम निघालं तर लिटरमागे १२० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३०० पीपीएम हार्डनेस. सॉफ्टनरवर शून्य आणि मशीनमध्ये ३००! वरून रंग पक्का करणारा सोडा पडला की कॅल्शियमचा साका सुतावर बसतो. डाग पडतात, शेड मरते, रबिंग फास्टनेस (घासल्यावर रंग टिकणं) जातो. ६० ग्रॅम मीठ सॉफ्ट पाण्यात विरघळवून एक लिटर करा, त्यातलं १०० मिली घ्या, पीएच १० चा बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर) टाकून ०.०१ मोलर ईडीटीएने (कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने) टायट्रेट करा. लालसर जाऊन स्वच्छ निळा आला की लागलेले मिली गुणिले १० म्हणजे पीपीएम. मिठाची गाडी रिकामी व्हायच्या आत हे होतं. पण मास्टरच्या हाताखालच्या केमिस्टने गाडी परत पाठवून दाखवावी!

डाईंगमास्टर_सोलापूर
साहेब, ईडीटीए बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. लॅब वेगळी काढली की तिचं एकच काम उरतं, नापास लिहिणं. लॅबची शेड मशीनवर का येत नाही, याचं उत्तर लॅबमध्ये बसून मिळत नसतं.

लॅबमध्ये ५ ग्रॅम सूत आणि १:१० पाणी (सुताच्या दहापट). खाली मशीन १:६ वर. सुताचा कोन कडक गुंडाळलेला असेल, घनता घन सेंटीमीटरला ०.४० ग्रॅमच्या वर गेली, की बाहेर गडद आणि आत फिकं. ही चूक वाइंडिंगची, रेसिपी कितीही बदला.

आणि आपली हवा. मे महिन्यातलं ५०० किलो सूत आणि ऑगस्टमधलं ५०० किलो, यांच्यात ओलाव्यामुळे चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. उन्हाळ्यात त्याच वजनात कापूस जास्त, रंग तेवढाच, म्हणून शेड फिकी. १० ग्रॅम सूत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून ओलावा काढायचा, कापसाचा ठरलेला साडेआठ टक्के ओलावा धरून वजन दुरुस्त करायचं आणि मग रंग तोलायचा. हे ज्याला गोडाऊनमध्ये उभं राहून करायचंय, तो मास्टरचाच माणूस हवा.

शिवाय सोडा पडल्यावर सहीसाठी लॉट उभा ठेवून चालत नाही. ६० अंशांवर रंग सुताऐवजी पाण्याशीच लागत जातो.

चिंचोलीकर_क्यूसी
औषधांच्या कारखान्यात हा वाद नाहीच. शेड्यूल एमप्रमाणे (औषध बनवायच्या सरकारी नियमांप्रमाणे) गुणनियंत्रण उत्पादनापासून स्वतंत्रच लागतं. पण नुसत्या स्वतंत्र खुर्चीने काही होत नाही. रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की "परत मार" म्हणणारा प्रमुख लॅबमध्येच बसलेला असू शकतो. आधी वजनाची चिठ्ठी, डायल्यूशन, स्टँडर्डची मुदत, आकडेमोड तपासायची. लॅबची चूक सापडली नाही तर पहिला आकडा खोडता येत नाही, पुढची चौकशी उत्पादनात जाते. डाय हाऊसमध्ये डेल्टा ई (शेडमधला मोजलेला फरक) १.३ आला की कपडा उलटून, दुमडून १.० च्या आत येईपर्यंत वाचत बसतात, तो हाच प्रकार. प्रमुखाने रीडिंग कुठे आणि कितीदा घ्यायचं हे आधी लिहून टाकावं. मग तो कुणाच्याही हाताखाली असो.

डाईंगमास्टर_सोलापूर
तुमच्याकडे विभाग आहे हो. इथे पाळीला एक केमिस्ट, तोच रंग तोलतो, तोच लॅब डीप (शेडचा छोटा नमुना) काढतो.

ईटीपी_वाला
सांडपाण्याचं नाव कुणी काढलं नाही, नेहमीप्रमाणे! १:६ ला लिटरमागे ६० ग्रॅम म्हणजे किलो सुतामागे ३६० ग्रॅम मीठ. ५०० किलोच्या लॉटमागे १८० किलो. एरेशन टाकीतले जिवाणू ते खात नाहीत, आरओ किंवा बाष्पीभवनाशिवाय टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) खाली येत नाही. एका अ‍ॅडिशनला (शेड जुळवायला वरून रंग टाकताना) मास्टर थोडं मीठ वाढवतो, टीडीएसचा जाब मला विचारतात. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आणि लॅब एकाच प्रमुखाकडे द्या आणि तो प्रमुख मास्टर नको.

अक्कलकोट_रोड
मास्टर, ओलाव्याचा मुद्दा मान्य. लॅबचा माणूस गोडाऊनमध्ये जायलाच हवा. सोडा पडल्यावर थांबवू नये हेही मान्य, म्हणूनच माझे थांबे सगळे रंग टाकायच्या आधीचे आहेत: पट्टी, मीठ, रंगाच्या नव्या ड्रमची स्ट्रेंथ. पट्टीला दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर मास्टरने स्वतः बघून, सही करून पुढे जावं. पण मीठ आणि ड्रम आदल्या दिवशीच तपासून झाले पाहिजेत, तिथे सवलत नाही.

डाईंगमास्टर_सोलापूर
पट्टी आणि मीठ घ्या, देऊन टाकले. शेडची सही देणार नाही. रात्री दोनला लाल थोडा कमी दिसला तर अ‍ॅडिशन किती टाकायची हे मशीनजवळचा माणूस ठरवणार. तुमचा प्रमुख सकाळी दहाला येतो, तोवर लॉट सोपिंगमधून (साबणाच्या धुण्यातून) बाहेर पडलेला असतो.