गिरणी संपाची एक सकाळ पुन्हा उभी करतोय, काम जुन्या कामगारांनीच करायचं की नटांनी?

साचेवाल्याची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज.

लोअर परळच्या आमच्या चाळीत आम्ही सात-आठ जण मिळून १९८२ च्या संपातली एक सकाळ पुन्हा उभी करणार आहोत, येत्या १८ जानेवारीला, कारण संप त्या तारखेला सुरू झाला होता. एकांकिका वगैरे नाही. संप सुरू होऊन काही महिने झाले होते, आणि पोलिस बंदोबस्तात थोड्या कामगारांना पहिल्यांदा आत नेलं, ती सकाळ. गेटवर जमलेले संपकरी, मधे पोलिसांची रांग, आणि मान खाली घालून आत जाणारी दहा-बारा माणसं. गिरणीच्या जागी आता टॉवर आहे, तिथे परवानगी नाही मिळाली, म्हणून चाळीच्या पटांगणात करणार आणि शूट करून ठेवणार.

दोन गोष्टींवर अडलंय. संपात असलेले अकरा जण अजून आजूबाजूला आहेत, सगळ्यात तरुण ६६ चे. ग्रुपमधली पोरं म्हणतात त्यांच्या मुलाखती घेऊ आणि प्रसंग कॉलेजच्या नाटकातल्या मुलांकडून करून घेऊ, धक्काबुक्की आहे, कुणाला काही झालं तर काय. माझं मन घेत नाही. माझे बाबा साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, त्यांना अजून डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यांनी खुर्चीत बसून दुसऱ्याला 'कामगार' झालेलं बघायचं हे मला कसंतरीच वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. त्या सकाळी जे आत गेले त्यांच्यातले एक काका आमच्याच मजल्यावर राहतात. घरात तान्हं मूल आजारी होतं म्हणून गेले असं आई सांगते. चाळीतले तीन म्हातारे आजही त्यांच्याशी बोलत नाहीत, गणपतीत आरतीला एका पंक्तीत उभे राहतात पण बोलत नाहीत. काकांना बोलवायचं का? आणि आत जाणाऱ्यांचं काम कोण करणार?

यॉर्कशायरचा_कोकणी

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी इंग्लंडमध्ये शेफिल्डजवळ वेव्हर्ली म्हणून नवी वसाहत आहे तिथे राहतो. नीट आखलेले रस्ते, तळं, लहान मुलांची गाडी ढकलत फिरणारे आईबाप, सगळं छान. आणि ही सगळी जमीन म्हणजे जुनं ऑरग्रीव्ह, जिथे १८ जून १९८४ ला संपावरचे खाणकामगार आणि पोलिस यांच्यात ती मोठी चकमक झाली. घोडेस्वार पोलिसांनी शेतातून लोकांच्या अंगावर घोडे घातले. ९५ जणांवर केसेस झाल्या आणि पुढच्या वर्षी कोर्टात खटलाच कोसळला.

तर जेरेमी डेलर नावाच्या कलाकाराने १७ जून २००१ ला तिथेच ती चकमक परत घडवली. साधारण हजार माणसं. त्यातले ८०० च्या आसपास हौशी लोक, म्हणजे इथे मंडळं असतात, दर रविवारी रोमन सैनिक नाहीतर यादवी युद्धातले शिपाई होऊन मैदानात लढाया करणारी, तसले. आणि दोनशेच्या आसपास खरे खाणकामगार, १७ वर्षांपूर्वी तिथेच उभे असलेले. माइक फिगिसने त्यावर फिल्म केली, चॅनल ४ साठी. फिल्म बघा, मिळेल. हौशी मंडळींना जुन्या लढायांची सवय, तिथे मेलेल्यांची बाजू घ्यायला कुणी जिवंत नसतं, इथे तर शेजारी उभा असलेला माणूस खरा, त्यामुळे ती मंडळी खाणकामगारांना चक्क घाबरून होती असं डेलरनेच सांगितलंय.

तुमच्या प्रश्नाला धरून मुद्द्याची गोष्ट म्हणजे त्यात काही खाणकामगार पोलिसांच्या बाजूला उभे राहिले. ढाल हातात घेऊन. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होतो.

आणि हे का करायला लागलं तेही महत्त्वाचं आहे. १९८४ ला बीबीसीच्या संध्याकाळच्या बातम्यांत आधी दगडफेक आणि मग घोडे असं दिसलं होतं, कामगार पहिल्यापासून सांगत होते की उलटं झालं, आधी घोडे आले. देशभर लोकांच्या डोळ्यांत बातम्यांतलाच क्रम बसला. अंगाने परत घडवलं की क्रम लपवता येत नाही, कोण कुठे उभा होता आणि कोण आधी हलला हे पायांनाच दाखवावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत, अकराच्या अकरा जणांना उभं करा. खुर्च्या मागे ठेवा, दमले की बसतील.

पडद्यामागे

मी गेली १४ वर्षं ऐतिहासिक मालिकांना असिस्टंट आहे, त्यामुळे प्रॅक्टिकल सांगतो. आमच्याकडे लढाई म्हणजे ४० ज्युनिअर आर्टिस्ट, तेच आधी मावळे आणि जेवणानंतर फेटे बदलून शत्रू, कॅमेरा खाली, धूर सोडायचा म्हणजे गर्दी कमी दिसत नाही. त्यात वाईट काही नाही, टीव्हीला तेच लागतं, पण तिथे प्रत्येकाला आपण कुठे पडायचं ते आधी माहीत असतं. तुम्हाला ते नकोय.

तुम्ही असं करा. संवाद लिहू नका. खडूने पटांगणात गेट आखा, खऱ्या मापाचं, आणि प्रत्येक आजोबांना एकेकटं बोलवून विचारा तुम्ही कुठे होतात, तिथे त्यांचं नाव लिहा. एकमेकांसमोर विचारलंत तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच सगळ्यांना आठवायला लागतं, हे मी कितीदा बघितलंय. दोन जण एकाच जागेवर हक्क सांगतील, सांगू देत, दोन्ही नावं लिहा. धक्काबुक्कीच्या जागी तरुण पोरं ठेवा, पहिल्या दोन रांगा, आणि थांबायची एक खूण सगळ्यांना आधी शिकवा, हात वर म्हणजे सगळं थांबलं. ७० वर्षांच्या माणसाला त्या भरात आपलं वय आठवत नाही. डॉक्टर चाळीतला असेल तर त्याला प्रेक्षकांत पुढे बसवा. आणि रिहर्सल एकदाच, जास्त केलीत की लोक अभिनय करायला लागतात.

नायगाव_लाईन

माझे वडील ८२ ला कॉन्स्टेबल होते, गिरणगावात बंदोबस्ताला. त्यांचा सख्खा मावसभाऊ गेटच्या पलीकडे उभा असायचा, दोघं गावाहून एकाच एसटीने आलेले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईचे पोलिसच रस्त्यावर उतरले, त्यांची संघटना मोडली म्हणून, आणि गिरणी कामगार त्यांच्या बाजूने बाहेर पडले, लष्कर बोलवावं लागलं होतं. हे आजकाल कुणाला आठवत नाही. पोलिसांची रांग नुसती काठीवाली बुजगावणी करू नका एवढीच विनंती. वडील नाहीत आता, पण लागलं तर मी येऊन त्या रांगेत उभा राहीन.

जुनी_रिळं

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण काकांबद्दल कुणीच बोललं नाही आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

पीटर वॉटकिन्स या दिग्दर्शकाने १८७१ च्या पॅरिस कम्यूनवर, म्हणजे कामगारांनी बंड करून पॅरिसचा कारभार हातात घेतला त्यावर, पावणेसहा तासांची फिल्म केली, पॅरिसजवळच्या माँत्रईमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात १३ दिवस शूट करून. दोनशेहून जास्त माणसं, निम्म्याहून जास्त लोकांनी कधीच अभिनय केलेला नव्हता. प्रत्येकाने आपल्या पात्राचा अभ्यास आपणच करायचा, आणि मधेच भूमिका सोडून आज मला काय वाटतं तेही कॅमेऱ्याला सांगायचं. पण मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट ही, की कम्यूनच्या विरोधातले बुर्झ्वा, म्हणजे पैसेवाले लोक, उभे करायला त्याने उजव्या विचारांच्या पेपरात जाहिरात दिली, म्हणजे ज्यांना मनापासून कम्यून पटत नाही अशीच माणसं त्या बाजूला यावीत. आपल्या विचारांच्या माणसाला दाढी लावून शत्रू केलं असतं तर ते व्यंगचित्र झालं असतं, शत्रू कसा वागतो ही आपली कल्पना तेवढी दिसली असती.

तुमच्याकडे तर तो माणूस समोरच्या दाराआड राहतोय. त्यांना विचारा, आणि 'आत जाणाऱ्यांचं काम कराल का' असं नका विचारू, 'त्या दिवशी तुम्ही कुठल्या वाटेने आलात' एवढंच विचारा. नाही म्हणाले तर ती जागा रिकामी ठेवा, खडूने नाव लिहून. कॉलेजच्या मुलाला ते काम देऊ नका, हात जोडून सांगतो. जे बोलत नाहीत त्या तिघांना मात्र आधी सांगा, ऐन वेळी अंगावर आणू नका, तो त्यांच्यावर अन्याय होईल, त्यांनीही त्या संपात घर घालवलंय.

साचेवाल्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. नायगाव_लाईन दादा, तुम्हाला मेसेज केलाय, नक्की या.

काल अपडेट झालं ते सांगते. मी काकांकडे गेले, चहा झाला, आणि वर सांगितलंय तसंच विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मागच्या गल्लीतून, गाडीत बसवून आणलं होतं, खिडक्यांना पोती लावली होती त्यामुळे मला गेटवर कोण कोण होतं ते दिसलंच नाही. मला माहीत नव्हतं हे. गेटवरच्या सगळ्यांना वाटत आलंय की त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. येणार का हे अजून सांगितलेलं नाही, विचार करतो म्हणाले.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा त्या तिघांतलेच एक आहेत, हे मी वर लिहिलं नव्हतं. ते काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला पोती कसली होती ते विचारलं, मी म्हटलं तुम्हीच विचारा. मग उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत धरून मनगट फिरवलं. साचाखात्यात कानठळ्या बसायच्या त्यामुळे सगळं हातानेच बोलायचे, ही खूण म्हणजे धागा तुटलाय, साचा थांबव. जेवताना सुद्धा ते ही खूण करतात, विषय बंद करायचा असला की. तर आत्ता तरी विषय बंद आहे, पण नाही म्हणालेले नाहीत.

खडूचं गेट रविवारी आखतोय. एक मदत हवीय, कुणाकडे गिरणीच्या भोंग्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे का? बाबा म्हणतात प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा, चुकीचा लावलात तर कुणी जागचं हलणार नाही.